पोळं आणि बाटली

"बाटलीतल्या मधात बासष्ट टक्के साखर उसाची आहे, आंटी," संचिताने रिपोर्ट काउंटरवर सरकवला. "पोळ्याच्या तुकड्यात मात्र काही सापडलं नाही. तो अस्सल आहे."

जोविटाने चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. डोंबिवलीत मानपाड्याच्या कारखान्यांमधल्या या लॅबला तिने दोन नमुने दिले होते. बाटली दिली ती दुकानदारासाठी. घोडबंदर रोडच्या टॉवरखालच्या त्या दुकानाला सर्टिफिकेटशिवाय मध नको होता. पोळ्याचा तुकडा मात्र तिने आपल्या हौसेने दिला, बघू दे जरा आमच्या माश्यांचं काम म्हणून. हौसेला मोल नाही म्हणतात. लॅबने दुसऱ्या नमुन्याची फी वेगळी लावली होती, आणि तिने ती हसत भरली होती.

"मशीन चुकलं असेल," ती म्हणाली. "तू चव बघितलीस का?"

"चवीला कळणारच नाही." या मशीनवरून रोज कुणीतरी संचिताशी भांडायचं, तिला सवय होती. "आम्ही कार्बन मोजतो, आंटी. मधातही कार्बन, साखरेतही कार्बन. पण तो दोन तऱ्हेचा असतो, बाराचा आणि तेराचा. गुण सारखे, वागणं सारखं. तेराच्या पोटात फक्त एक न्यूट्रॉन जास्त, म्हणून तो किंचित जड. ऊस वाढताना हा जड कार्बन जरा जास्त घेतो, आपली फुलझाडं कमी घेतात. मग उकळा, गाळा, बाटलीत भरा, ते वजन काही जात नाही."

"पावसात फुलं नसतात तेव्हा आम्ही माश्यांना साखरेचं पाणी ठेवतो. उपाशी मारायचं का त्यांना?"

"त्याने आलं असतं तर पोळ्यातही दिसलं असतं."

पोळं आणि बाटली यांच्यामध्ये एकच माणूस होता, जोविटाचा नवरा टोनी. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि येऊरच्या उतारावरच्या माश्यांच्या पेट्यांपर्यंत तिला चढवेना. तेव्हापासून पेट्या बघायचा टोनी, मध काढायचा टोनी, बाटल्या भरायचा टोनी. ती बसून लेबलं चिकटवायची. लेबलावर नाव तिचं होतं. वीस वर्षं लोक त्या नावावर डोळे मिटून मध नेत होते. शेजारची व्हिक्टोरिया नातवाला खोकला झाला की तोच चाटवायची.

जोविटाने मात्र बाटलीतला मध दोन वर्षांत चाखलाच नव्हता. मध काढला की टोनी तिच्यासाठी पोळ्याचा तुकडा बशीत घालून आणायचा. तिला मेण चघळायला आवडतं, हे तो लग्नापासून एकदाही विसरला नव्हता. या गोष्टीचा तिला आता फार राग आला.

बाहेर टेम्पोत टोनी पेपर वाचत बसला होता. मागे साठ बाटल्या होत्या. सर्टिफिकेट मिळालं की तिथूनच दुकानात पोचवायच्या असं ठरलं होतं.

"झालो पास?" त्याने विचारलं.

ती कशीबशी चढून शेजारी बसली. "कधीपासून घालतोस साखर?"

टोनीने पेपरची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "चवीला तर..."

"चवीचं नाही विचारलं मी."

"दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "खालची झाडं गेली, टॉवर आले. निम्म्या पेट्या रिकाम्या झालेल्या. तू खाटेवर पाय लांब करून पडलेलीस आणि रोज विचारायचीस, माझ्या माश्या कशा आहेत? काय सांगणार होतो मी?"

"गेल्या म्हणून सांगायचं."

"नाही सांगता आलं. लिंबू पिळून साखरेचा पाक आटवला, आणि बाटल्या भरत गेलो."

त्याने पैशाच्या लोभाने केलं असतं तर सोपं झालं असतं, जोविटाला मनसोक्त भांडता आलं असतं.

"यंदाचा खरा मध किती?"

"तेवीस बाटल्या."

"मग त्या तेवीस बाजूला काढ. तेवढ्याच विकायच्या. बाकीच्या घरी नेऊन ओतून टाकू."

टोनीने मान वळवून मागे पाहिलं. सगळ्या बाटल्या एका रंगाच्या होत्या, एकीलाही लेबल वाकडं लागलेलं नव्हतं.

"कुठल्या काढू? एकाच टोपात ढवळलंय सगळं."

"म्हणजे एकीतही खरा नाही?"

"सगळ्यांत आहे," टोनी म्हणाला. "थोडा थोडा."