पिशवीतले जुने बूट

परदेशी विमानतळावर रोहिणीला रांगेतून बाजूला काढलं. तिला स्पर्धेला बोलावणाऱ्या क्लबनेच बोलावलेली, गोरी, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुंबईची धावपटू केव्हाच पुढे गेली होती. अधिकाऱ्याने रोहिणीचा काळासावळा चेहरा, हातांवरचे विळ्याचे वण न्याहाळले आणि मोबाइलवर भाषांतर करून विचारलं, "घरकामाला आलीस?" "पळायला," ती म्हणाली. त्याने पिशवी उपसली. स्पर्धेसाठी जपलेले नवेकोरे बूट पाहून त्याचा संशय वाढला. तेवढ्यात तळाशी जुने बूट सापडले. "फेकी दे, तठे लोके हसतीन," प्रशिक्षकांनी बजावल्यामुळे रोहिणीने ते गावी, तोरणमाळलाच सोडले होते! टाचा शाबूत, पंजाखालचं रबर घाट पळत चढून पार झिजलेलं. अधिकाऱ्याने तळ अंगठ्याने चाचपून पासपोर्टवर शिक्का मारला. रोहिणीचा जीव भांड्यात पडला. बाहेर येताच तिने घरी फोन लावला. आईच आधी घाबरत म्हणाली, "रागावू नको गं, जुने बूट मीच कोंबले."