वाऱ्यासाठी आडोसा

"यातलं लवकर कुठलं वाढतं, तेवढंच सांगा," कथबर्ट ऑग्डेन नर्सरीवाल्याला म्हणाले. आवाज त्यांनी मुद्दामच खाली ठेवला होता. चार पावलांवर पास्कोबाई उभ्या होत्या, आणि झाडांचं हे कुंपण पास्कोबाईंसाठीच होतं.

म्हणजे, पास्कोबाई दिसू नयेत यासाठी.

तीन वर्षांपूर्वीच्या वादळात दोन परसांमधलं लाकडी कुंपण आडवं झालं. कुंपण तुमच्या बाजूचं आहे, तुम्हीच उभारा, असं दोघांनीही एकमेकांना अत्यंत सभ्यपणे कळवलं. घरांच्या कागदपत्रांत त्याचा कुठे उल्लेखच सापडला नाही, त्यामुळे सभ्यपणाही टिकला आणि भगदाडही. तेव्हापासून ऑग्डेन यांच्या सिंकवरची खिडकी आणि पास्कोबाईंच्या सिंकवरची खिडकी समोरासमोर आल्या. सकाळी चहाचा कप विसळायला उभं राहावं, तर समोर बाई. मग हात वर करणं आलं. दुपारी बाई परसात येऊन विचारणार, काल पुन्हा बीन्सच का, आणि तेही उभ्याउभ्या पातेल्यातूनच? अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात पातेल्यातून खायचीही चोरी. ऑग्डेन अगदी जेरीला आले होते.

पंचाईत अशी, की डोळ्यांमुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलेलं. नर्सरीकडे जाणारी बस फक्त मंगळवारी, आणि या मंगळवारी ती आलीच नाही. शेजारीपाजारी गाडी होती ती एकट्या पास्कोबाईंकडे. शेवटी नाक मुठीत धरून त्यांनाच विचारावं लागलं. परसाला वाऱ्यासाठी आडोसा करायचाय, असं ऑग्डेन यांनी सांगितलं. इंग्लंडच्या त्या टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, वारा येतो तो पश्चिमेच्या समुद्रावरून, आणि पास्कोबाईंचं घर होतं पूर्वेला. बाईंनी गाडीची किल्ली उचलली. वाटेत फक्त पेपरमिंटची पुडी पुढे केली.

नर्सरीवाल्याने दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही झाडं बारा महिने हिरवी, पण स्वभाव अगदी वेगळे. ही लेलँडी. वर्षाला तीन फूट वाढते, तीन वर्षांत डोक्याच्या वर. मात्र वर्षातून दोनदा तरी छाटावी लागते, नाहीतर छपराच्या वर गेलीच म्हणून समजा. छाटताना जास्त आत कापलीत, तर तिथे पुन्हा पान धरत नाही, कायमचं तपकिरी ठिगळ. आणि हा यू, चर्चच्या आवारात असतो तोच. वर्षाला जेमतेम वीतभर. पण कसाही कापा, पुन्हा फुटतो, भिंतीसारखा दाट होतो आणि हजार वर्षं जगतो.

"हजार वर्षं मला नकोत," ऑग्डेन म्हणाले. "मला तीनच पुरेत. लेलँडी द्या. बारा."

एवढ्यात पास्कोबाई जवळ आल्या. त्यांनी दोन्ही झाडांची पानं बोटांत चुरगाळून वास घेतला, मुळं कुंडीच्या बाहेर डोकावताहेत का ते पाहिलं आणि नर्सरीवाल्याची उलटतपासणी सुरू केली. सावली किती पडेल? खालची जमीन किती कोरडी होईल? पलीकडच्या बाजूने छाटायला शिडीवर कोण चढणार? ऑग्डेन मनातल्या मनात बाह्या सरसावून बसले. बाईंच्या टोमॅटोंवर सावली पडणार, त्यावरून आता भांडण होणार, आणि एकदाचं झालंच तर बरं, असंही त्यांना वाटून गेलं.

"लेलँडीच घ्या, मिस्टर ऑग्डेन," पास्कोबाई म्हणाल्या. "टोमॅटो मी पुढच्या दारी हलवीन. माझीही सुटका होईल."

"तुमची कसली सुटका?"

"तीन वर्षं झाली. रोज सकाळी केस विंचरायचे, लिपस्टिक लावायची आणि मग एक कप विसळायला उभं राहायचं. वैताग आलाय."

"लिपस्टिक कशाला?"

"समोर तुम्ही गुळगुळीत दाढी करून, टाय बांधून उभे असता. मी काय गबाळ्यासारखी येऊ?"

ऑग्डेन यांचा हात आपोआप टायच्या गाठीकडे गेला. कुंपण होतं तेव्हा ते फक्त रविवारी दाढी करत. टाय तर नोकरीबरोबरच सुटला होता. मग पातेल्यातले बीन्स खायला आपण रोज टाय कुणासाठी बांधतो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला तीन वर्षांत एकदाही विचारला नव्हता. आता विचारला, आणि त्यांचे कान तांबडे झाले. पाठोपाठ ती खिडकी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. नुसती हिरवीगार, समोर कुणी नाही. त्यांना चक्क भीती वाटली.

पास्कोबाई गाडीची डिकी उघडायला निघूनही गेल्या होत्या. नर्सरीवाला ढकलगाडीवर लेलँडीची कुंडी चढवत होता.

"थांबा," ऑग्डेन म्हणाले. "तो यू. वर्षाला वीतभरच म्हणालात ना?"

"वीतभर. म्हणजे डोक्याएवढा व्हायला दहा वर्षं तरी धरा."

ऑग्डेन यांनी डिकीतल्या पिशव्या बाजूला सारणाऱ्या पास्कोबाईंकडे पाहिलं. मग ते नर्सरीवाल्याच्या अगदी कानाशी वाकले.

"याहून सावकाश वाढणारं काही नाही का?"