गॅलरीतली कुंडी

डॉक्टरांनी दम भरला आणि ड्रायव्हरच्या चहासोबतचे वेफर्स बंद झाले. त्यांच्या जागी बायकोने वाटीभर भिजवलेले मेथीदाणे ठेवले, कडू आणि शेंबडासारखे बुळबुळीत. तो तोंडात बोकणा भरायचा आणि तिची पाठ वळली की न चावताच गॅलरीतल्या कुंडीत पचकन थुंकायचा. वर माती लोटायचा. आज ती हरखून आत आली. “अहो, कुंडीत आपोआप मेथी उगवलीय. किती कोवळी बघा.” तिने पानं चिरली, लिंबू पिळलं आणि बशी पुढ्यात ठेवली. आपलीच थुंकी हिरवी होऊन परत आली होती. खरं सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात “मीही चाखते” म्हणत तिने चिमूटभर उचललं. त्याने बशी ओढली, तिच्या बोटांतलंही हिसकावलं आणि उमासे दाबत सगळं संपवलं. “एवढी आवडली?” ती विरघळली. “थांबा, उरलेलीही खुडून आणते.”