कार्ड नाही, तर आत नाही

महाळुंग्याच्या कंपनीने स्वरूपाला मुलाखतीला बोलावलं होतं, पण गेटवर तिला तिचं ओळखपत्र सापडेना. मॅनेजर ढमालेसाहेब गाडीची काच खाली करून म्हणाले, "कार्ड नाही, तर आत नाही." कुबड्यांवर ती दुपारपर्यंत उन्हात उभी राहिली आणि परतली. पुन्हा तिने नोकरीचं नाव काढलं नाही, आणि गेल्या वर्षी ती गेलीच.

तिच्या माघारी तिचा भाऊ हिंदुराव एका संस्थेत लागला. दिव्यांगांना नोकरी मिळवून द्यायची आणि काम अंगवळणी पडेपर्यंत त्यांच्यासोबत राहायचं, हे तिथलं काम. त्याने तीच कंपनी मागून घेतली आणि गतिमंद नवनाथला त्याच गेटवर रखवालदार म्हणून उभं केलं. रोज एकच धडा: "नवनाथभाऊ, साहेब असो नाहीतर देव, कार्ड नाही तर आत नाही."

आज मोठी ऑर्डर देणारे परदेशी पाहुणे तपासणीला आले. पास दाखवून, नवनाथची पाठ थोपटून आत गेले. मागून ढमालेसाहेब खिसे चाचपत आले.

"अरे, मला ओळखत नाहीस का?"

"वळखतो की, साहेब. कार्ड दावा."

"ऑर्डर जाईल रे माझी!"

"कार्ड न्हाई, तर आत न्हाई."

पाहुणे काचेतून बघत होते, त्यामुळे साहेबांना ओरडताही येईना. ते घामाघूम होऊन उन्हात उभे राहिले. समोरच्या टपरीवर हिंदुरावने दुसरा चहा सांगितला.



साहेब सकाळी याच टपरीवर विसरलेलं कार्ड त्याच्या खिशात होतं.