सातव्या रकान्यातला प्रश्न

तीसपैकी एकोणतीस जणांनी सातव्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं. तिसाव्या फॉर्मात 'होय' होतं, तेही ठळक, टपोऱ्या अक्षरात.

प्रश्न असा होता: चालू सत्रात कोणत्याही चाचणीत गैरमार्गाचा अवलंब केला आहे काय? 'होय' लिहिणाऱ्याला लष्करी विमानतळाच्या सहलीला नेता येत नाही, असा नियम. कॅडेट तुकडीचे सर मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या टेबलासमोर उभे होते. बाईंनी तो फॉर्म उष्ट्या बशीसारखा दोन बोटांत धरला.

"ही तुमची खटखट ना? सर, आपली दहावीची तुकडी दरवर्षी पूर्ण जाते. एक जरी गळली तरी वरून विचारणा येईल. कोऱ्या फॉर्मावर नीट लिहून घ्या आणि विषय मिटवा."

"बरं बाई," सर म्हणाले. स्वतःचाच तो मऊ आवाज ऐकून त्यांना शिसारी आली.

खटखट हे नाव पोरांनी ठेवलेलं. कवायतीत तिच्या टाचांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आठवीपासून पोरीने या एका सहलीसाठी जिवाचं रान केलं होतं. विमानाच्या पोटात शिरून एकदा बघायचं, एवढंच तिला हवं होतं. सहल फक्त दहावीच्या कॅडेटांची, आणि आता ती दहावीत होती. पुढच्या वर्षी ती शाळेत नसणार.

आणि गैरमार्ग तरी कोणाचा? नकाशावाचनाच्या चाचणीला सरच बाकांमधून फिरले होते. प्रत्येकाच्या नकाशावर बरोबर जागी बोट टेकवत गेले होते. आधीचे सर टेकवायचे, म्हणून हेही टेकवायचे. निकाल शंभर टक्के लागायचा आणि सगळे खूश. ते एकोणतीस 'नाही' खोटे आहेत हे त्यांना ठाऊक होतं, तरी बाईंसमोर ते 'बरं' म्हणाले होते.

तुकडीच्या खोलीत ती बुटांना पॉलिश करत बसली होती. सरांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला.

"सातव्यात 'नाही' लिही. बाकी सगळं आधीसारखंच."

"पण सर, तुम्ही बोट ठेवलंत तिथेच मी खूण केली. मला नकाशावर तो पूल सापडलाच नव्हता."

सरांना वाटलं, हिने आता हट्टाला पेटावं. फॉर्म फाडावा, घरी जाऊन आईला सांगावं. म्हणजे आपली लाज परस्पर कुणीतरी चव्हाट्यावर आणेल. स्वतः आणायची धमक त्यांच्यात नव्हती. हे कळत होतं, म्हणून तर त्यांना स्वतःचा जास्तच वीट आला.

"विमान बघायचंय ना?" ते म्हणाले. "मग लिही. सगळेच लिहितात."

तिने पॉलिशचे हात फडक्याला पुसले आणि फॉर्म भरला. दोन्ही हातांनी तो परत दिला आणि सावधानमध्ये उभी राहिली.

"सर, पुढच्या वेळी पहिल्याच फॉर्मावर 'नाही' लिहू ना?"

सरांनी तिचा चेहरा न्याहाळला. टोमणा असता तर त्यांनी तो आनंदाने सोसला असता. पण ती खरंच विचारत होती.