नमुन्याच्या दोन पिशव्या

थोरली काटाघरात शिरली तेव्हा धाकटी तिथून बाहेर पडत होती.

"तू इथे काय करतेस?" थोरलीनं विचारलं.

"वजनाची वही बघायला आले होते." धाकटी नजर चुकवून हात पुसायला लागली. "ताई, तुझी पिशवी ठेवलीयस ना? मग आता जेवून घे जा. कारखान्याच्या गाडीला अजून तासभर आहे."

थोरलीच्या कपाळाला आठी पडली. वही बघायला म्हणे! माझी पिशवी चाचपायला आली असणार.

एकाच टेकडीच्या दोन अंगांना दोघी बहिणींच्या दोन खाणी. बाबांनी जाताना टेकडी वाटून दिली आणि मधलं काटाघर सामाईक ठेवलं. वाटणी अगदी मधोमध झाली होती, पण जमिनीच्या पोटात काय आहे ते बाबांना तरी कुठे दिसत होतं? धाकटीच्या बाजूला ग्रॅफाइटची शीर हातभर रुंद निघाली. थोरलीच्या बाजूला ती कशीबशी वीतभर, आणि तिच्यातही दगडाची मिसळ.

धाकटीचं सगळंच थोरलीला लहानपणापासून डोळ्यात खुपायचं. आधी तिची जाड वेणी, मग तिचं खळखळून हसणं, आता तिची शीर. एका बाबतीत मात्र थोरलीच वरचढ होती. धाकटी डावखुरी, तिला रिबिनीचं फूल कधी सरळ जमलं नाही. फुलाचे दोन कान आडवे बसायच्याऐवजी एक वर, एक खाली. शाळेत जाताना रोज थोरली ते सोडून पुन्हा बांधायची आणि वर एक टपली मारायची. त्या टपलीत तिला फार समाधान मिळायचं.

महिन्यापूर्वी बॅटऱ्यांच्या कारखान्याचा चष्मेवाला साहेब आला होता. दोघींना समोर बसवून तो म्हणाला, "मोठ्या कंपन्या डोंगरच्या डोंगर उपसतात, पण त्यांचा माल दगडात मिसळलेला असतो. कितीही दळा, कितीही धुवा, कसर राहतेच. तुमच्याकडे शिरेतून सरळ ढेकळं निघतात आणि तुमची माणसं एकेक ढेकूळ हातानं निवडतात. हे लाड मोठ्यांना परवडत नाहीत, म्हणून मी लहानांच्या दारात आलोय. पण घेणार एकीकडूनच. दोघींनी तीन-तीन किलोचा नमुना द्या. ज्या खाणीचा माल शुद्ध, तिला पाच वर्षांचं काम."

"ताईलाच मिळू दे," धाकटी चटकन म्हणाली होती.

बोलायला काय जातं! थोरलीच्या खाणीचे खालचे दोन थर पाण्यात गेले होते. हे काम हुकलं की खाणीला कुलूप लागणार, हे धाकटीला चांगलं ठाऊक होतं. वरून ही साखरपेरणी.

पायवाटेवर धाकटी दिसेनाशी झाली. काटाघरात आता थोरली एकटीच होती. टेबलावर दोन पिशव्या. कारखान्यानंच दिलेल्या, एकसारख्या, तोंडं शिवलेल्या. कोणती कुणाची ते फक्त सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठीवरून कळायचं. सुतळीला फूल घालायचं, म्हणजे सोडणाऱ्याला त्रास नाही, ही बाबांची शिस्त. आपल्या पिशवीची चिठ्ठी थोरलीनं सकाळी स्वतःच्या हातानं बांधली होती.

फुलं सोडत बसायला तिला धीर नव्हता. दारावर नजर ठेवून तिनं कात्रीनं दोन्ही सुतळ्या कापल्या आणि कामाच्या कोटाच्या खिशात कोंबल्या. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, नवी सुतळी घेतली, नवी फुलं बांधली.

गाडी पिशव्या घेऊन गेली. त्या दुपारी थोरली पोटभर जेवली.

आठवड्यानं पत्र आलं. मुकादमानं ते चाचरत वाचलं. "आपला नमुना शंभरात एक्क्याण्णव. धाकट्या बाईंचा... नव्व्याण्णव. काम त्यांना दिलंय."

थोरली खुर्चीतच खिळली. धाकटीच्या नावानं गेला तो तर आपला माल! म्हणजे नव्व्याण्णवचं सोनं आपल्याच खाणीत होतं आणि आपण ते उचलून धाकटीच्या पदरात टाकलं. एक क्षण तिला गुदगुल्या झाल्या, आपणच सरस होतो तर! पुढच्याच क्षणी तिनं कपाळावर हात मारून घेतला. हे सांगणार कुणाला?

तेवढ्यात धाकटी धापा टाकत आली. डोळे रडून लाल झालेले.

"ताई, हे असं कसं झालं गं? काम तुलाच मिळायला हवं होतं."

"नाटकं पुरेत."

"खरंच सांगते. मला तर खात्री होती..."

"कसली खात्री?"

धाकटी अडखळली. "काही नाही. तू आणि तुझी माणसं माझ्याकडे या. दोघी मिळून करू."

"तुझ्या हाताखाली?" थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "सगळं तुझ्याच ताटात पडतं, आणि वर मला उष्टं वाढायला आलीस? चालती हो. आजपासून मला ताई म्हणायचं नाही."

धाकटी मान खाली घालून गेली.

थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. रुमालासाठी तिनं कोटाच्या खिशात हात घातला, तर हाताला सुतळी लागली. त्या दिवशी कापलेले दोन तुकडे. एक धाकटीच्या पिशवीचा, एक तिच्या स्वतःच्या. फुलं तशीच शाबूत होती. फेकून देण्याआधी तिनं ती उजेडात धरली.

दोन्ही फुलांचा एक कान वर होता, एक खाली.