शेजारचा क्रमांक

“ओळखक्रमांक साधेच ठेवू या, सर. एक, दोन, तीन,” तिने तिसऱ्यांदा सांगितलं.

“आणि कोणी वेबपत्त्यात पुढचा आकडा टाकला, की दुसऱ्याच मुलाची माहिती उघडी!” सर म्हणाले. “छत्तीस अक्षरांचा, कसलाच क्रम नसलेला क्रमांक द्यायचा. विषय संपला.”

बाकीच्यांनी केव्हाच हात टेकून चहाची वाट धरली होती.

काम एका बालगृहाचं होतं. तिथे वाढून बाहेर पडलेल्यांना आपली नोंद ऑनलाइन पाहता यावी, यासाठी गेल्या वर्षी बंद पडलेल्या जुन्या यंत्रणेच्या जागी नवी यंत्रणा उभी राहत होती. सर टीमचे प्रमुख. शब्दाला पक्के आणि हट्टाला त्याहून पक्के. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतः फोन करून तिला नोकरीला बोलावलं होतं. तिने अर्जही केला नव्हता. आयती चालून आलेली नोकरी. तिने फार चौकशा केल्या नाहीत.

आज मात्र ती माघार घेईना. खरं कारण सांगायची छाती होत नव्हती. ती स्वतः त्याच बालगृहातली, क्रमांक चारशे तेरा. जुन्या वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या, आणि खऱ्या नोंदी पाहायची मुभा टीमला नव्हती. सांभाळणाऱ्या बाईंनी निरोप देताना एवढंच सांगितलं होतं, की तुझ्या भावाची नोंद त्याच दिवशी, तुझ्या अगदी आधी झाली. म्हणजे चारशे बारा. क्रम मोडला, की तो एकुलता धागाही तुटणार होता.

“क्रमावरून कळतं, कोण कोणाबरोबर आलं ते,” ती कशीबशी म्हणाली.

“नातं आकड्यात लपवून ठेवायचं नसतं. त्याला वेगळा रकाना द्यायचा.”

“पण तो भरणार कोण? वह्याच उरल्या नाहीत.”

“ज्याला ठाऊक आहे, तो.”

“ठाऊक होणार कसं?” तिचा आवाज चढला. “आणि जुन्या यंत्रणेत पुढचा आकडा टाकून कोणी नोंद उघडल्याचं एक तरी उदाहरण आहे का तुमच्याकडे?”

सरांनी चष्मा काढून पुसला. नेहमीची जरब कुठल्या कुठे पळाली होती.

“आहे. गेल्या वर्षी मीच उघडली. नाव, पत्ता, फोन, सगळं मिळालं. पण चोरून पाहिलेलं. सांगायला आजवर जीभ रेटली नाही.”

“कोणाची नोंद?”

“माझा क्रमांक चारशे बारा,” ते म्हणाले. “त्यात मी एक मिळवला.”